नांगरामागचे पक्षी: एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या शिवारात कोण दिसते आणि त्यावरून काय कळते

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मांजरी, वाघोली किंवा खडकवासल्याच्या बाजूला पीक निघालेल्या रानात ट्रॅक्टरला नांगर लावला, की दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच मागे पक्ष्यांची रांग लागते. गायबगळे फाळाच्या इतके जवळ चालतात की उलटणारे ढेकूळ अंगावर पडेल असे वाटते. साळुंक्या थोड्या मागे असतात, कावळे बांधावर. विजेच्या तारेवरचा कोतवाल मधूनच खाली झेप घेतो आणि पुन्हा जागेवर जाऊन बसतो. हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की हे पक्षी नेमके काय उचलतात ते आपण क्वचितच वाकून पाहतो.

या वर्षी वाकून पाहा. एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे सहा-सात आठवडे दोन कारणांनी महत्त्वाचे आहेत. जमिनीत दडलेल्या किडी उघड्या पाडण्याची खरिपाआधीची ही शेवटची संधी असते. आणि शिवारातले बरेचसे कीटक खाणारे पक्षी याच दिवसांत घरटी करतात, पिल्ले वाढवतात. नांगरणी, बांध पेटवणे, झाडांची छाटणी, उंदरांसाठी आमिष टाकणे, शेततळ्याची माती हलवणे ही आपली कामेही नेमकी याच आठवड्यांत येतात. जूनमध्ये पीक उगवल्यावर अळ्या वेचायला रानात किती पक्षी असतील, हे बरेचसे मेमध्येच ठरून गेलेले असते.

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. कागदावर ही गावे शहर झाली, पण त्यातल्या अनेक ठिकाणी अजून ऊस, भाजीपाला, फुले, चारा घेतला जातो. वेताळ टेकडी, पाषाण तलाव, एम्प्रेस गार्डन किंवा लोणी काळभोरजवळच्या कवडीपाटावर शहरातले लोक दुर्बीण घेऊन जे पक्षी पाहायला जातात, त्यातले बरेचसे तुमच्या बांधावर रोज असतात. ते पाहायला दुर्बीण लागत नाही.

नांगराच्या मागे काय वेचले जाते

सर्वांत आधी हुमणी. ऊस, भुईमूग, हळद, भाजीपाला घेणाऱ्याला हिची ओळख करून द्यायला नको. हिची एक पिढी साधारण वर्षभर चालते. पावसाळ्यात अळ्या मुळे खातात, पुढे जमिनीत खोल जाऊन कोषात जातात. कोषातून निघालेले भुंगेरे लगेच वर येत नाहीत, ते जमिनीतच सुप्त पडून राहतात. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी अंधार पडताना ते बाहेर निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथेच नर-मादीचे मिलन होते आणि पहाटेपूर्वी मादी अंडी घालायला पुन्हा जमिनीत जाते.

म्हणजे एप्रिल-मेमध्ये पुढच्या हंगामाची हुमणी तुमच्या रानात आहेच, फक्त खाली आहे. खोल नांगरटीने ती वर येते. उन्हाने काही मरते, पण उघड्या ढेकळातला भुंगेरा किंवा कोष दिवसभर उन्हात तसाच पडून राहत नाही. तो पुन्हा मातीत शिरतो, नाहीतर ढेकळाच्या सावलीला जातो. त्याआधी त्याला उचलतो तो पक्षी. मक्याच्या रानात हेच लष्करी अळीच्या कोषांना लागू पडते. २०१८ पासून आपल्याकडे आलेली ही अळी जमिनीत कोषात जाते आणि नांगरटीत तिचे तपकिरी कोष सहज वर येतात.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली वेळेची. उन्हाच्या तडाख्यामुळे आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी रात्री आल्यामुळे आजकाल पुष्कळ नांगरणी अंधारात होते. डिझेल तेवढेच जळते, भाडे तेवढेच जाते, पण मागे एकही बगळा नसतो. पाळी निवडणे हातात असेल तर उजाडल्यापासून सकाळी दहापर्यंतची किंवा दुपारी चारनंतरची वेळ घ्या. भर दुपारी पक्षीही सावलीला चोच उघडी टाकून बसतात. नांगरणी रात्री झालीच, तर कुळवाची पहिली पाळी तरी सकाळी द्या.

दुसरी गोष्ट अवजाराची. रोटाव्हेटर वरचा थर भुसभुशीत करतो, पण खोल जात नाही. रोटाव्हेटरमागे पक्षी कमी दिसतात आणि पलटी नांगरामागे जास्त, याचे साधे कारण खालचे भक्ष्य वर येते की नाही हे आहे. हुमणी लागलेल्या रानात फक्त रोटाव्हेटर मारून उन्हाळी मशागत झाली असे धरू नये.

पक्ष्यांच्या गर्दीवरून अंदाजही बांधता येतो. एका तुकड्यात चाळीस बगळे आणि शेजारच्या तुकड्यात चार, असे दिसले तर चाळीसवाल्या तुकड्यात दोन-तीन जागी हातभर खोल खणून पाहा. बगळे गांडुळे, बेडूक, पाली, नाकतोडेही खातात, त्यामुळे गर्दी म्हणजे हुमणीच असे नाही. पण कुठे खणायचे ते पक्षी दाखवतात, आणि तेवढ्याने पुढच्या उपायांची दिशा ठरते.

गायबगळा ओळखायला या दिवसांत अगदी सोपा. एरवी पांढराशुभ्र असणाऱ्या या पक्ष्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर विणीच्या काळात केशरी झाक येते. पाण्याकाठचे इतर बगळे पांढरेच राहतात. साळुंकी, भांगपाडी मैना, कोतवाल, घार, कावळा हे बाकीचे मानकरी. भारद्वाज, ज्याला काही भागांत कुंभारकावळा म्हणतात, तो नांगरामागे उघड्यावर येत नाही. तो बांधाच्या झुडपातून चालत किडे, गोगलगायी, उंदराची पिल्ले, क्वचित लहान साप असे सगळे उचलतो. दुसऱ्या पक्ष्यांची अंडीही खातो, हे खरे.

पहिला वळीव पडल्यावर

मेच्या वळवानंतर संध्याकाळी सातच्या सुमाराला बांधावरच्या कडुनिंबाखाली उभे राहा. भुंगेऱ्यांची घरघर ऐकू येईल, पाल्यावर सावल्या हलताना दिसतील. कोतवाल अगदी अंधार पडेपर्यंत उडते किडे पकडत राहतो. तो थांबला की पिंगळा निघतो. तारेवर किंवा खांबावर बसलेले हे मुठीएवढे घुबड जमिनीवर उतरून भुंगेरे उचलते. टेकडीच्या पायथ्याच्या रानात रातवाही असतो. तो दिसत नाही, त्याचा एकसुरी आवाज तेवढा येतो.

या मदतीवर विसंबून मात्र राहू नये. भुंगेरे एकाच आठवड्यात हजारोंनी निघतात आणि पक्षी त्यातले काही खातात, सगळे नाही. फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत, गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, प्रकाश सापळे लावावेत, आणि हे गावातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावे, ही शिफारस तशीच पाळायची आहे. एकट्याने केले तर शेजारच्या बांधावरचे भुंगेरे तुमच्याकडे येतात. काही ठिकाणी या झाडांवर कीटकनाशक फवारण्याचाही सल्ला दिला जातो. ज्या झाडावर कोतवालाचे किंवा कावळ्याचे घरटे आहे, त्यावर फवारण्याऐवजी ते झाड हलवून घ्यावे असे माझे मत आहे. फवारलेल्या झाडाखाली अर्धमेले भुंगेरे सकाळी पडलेले असतात आणि साळुंक्या तेच वेचून पिल्लांना नेतात.

हुमणीसाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा फोरेट केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. जुनी पुडी घरात असेल तर ती वापरू नका. दाणेदार विष पक्ष्यांच्या दृष्टीने विशेष वाईट. पक्षी दाणे दळण्यासाठी वाळूचे बारीक खडे गिळतात आणि हे दाणे त्यांना तसेच वाटतात. मेटारायझियम बुरशीचा वापर शेणखतातून केला तर हा धोका येत नाही.

दाणे खाणाऱ्यांची पिल्लेही किडे खातात

चिमणी आणि सुगरण दाण्यावर जगतात म्हणून शेतकऱ्याच्या वाईट यादीत असतात. पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला दाणा पचत नाही. सुरुवातीचे दिवस त्याला मऊ अळ्या, नाकतोड्यांची पिल्ले, मावा असेच भरवले जाते. चिमणीची एक जोडी दिवसभर घरट्याकडे खेपा घालते ती यासाठी. घरट्यापासून ती फार लांबही जात नाही. म्हणजे गोठ्याच्या वळचणीला चिमण्यांची घरटी असतील, तर अळ्या वेचल्या जातात त्या तुमच्या परसातल्या आणि जवळच्या भाजीच्या तुकड्यातल्या.

पूर्ण किडेखाऊ पक्ष्यांचा हिशेब याहून मोठा. कोतवाल बांधावरच्या बाभळीच्या किंवा आंब्याच्या टोकाकडच्या बेचक्यात वाटीसारखे उथळ घरटे करतो आणि घार, कावळा, शिक्रा कोणीही जवळ आले तरी अंगावर धावून जातो. नाव कोतवाल पडले ते उगाच नाही. होले आणि हळद्यासारखे इतर पक्षी मुद्दाम त्याच्या घरट्याजवळ घरटी करतात, त्यांना फुकटचे राखण मिळते. कोतवालाचे एक झाड राखले तर त्याच्याबरोबर आणखी दोन-तीन घरटी राखली जातात.

ढोल्यांचे तसेच. तांबट, पिंगळा, साळुंकी, पोपट, दयाळ हे सगळे झाडाच्या पोकळीत घरटे करतात. एप्रिल-मेमध्ये टुक-टुक-टुक असा एका लयीत येणारा आवाज तांबटाचा. जवळ वाळकी, जाड फांदी असेल तर तिच्या खालच्या बाजूला रुपयाएवढे गोल भोक शोधा. पुणे शहरात आणि लगतच्या गावांत जिथे जुने वड, उंबर, चिंच शिल्लक आहेत तिथे राखी धनेशही वीण करतो. त्याची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंडाशी फक्त एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून उंबराची फळे, किडे भरवतो. या काळात झाड तोडले किंवा नराचे काही बरेवाईट झाले तर आत अडकलेली मादी आणि पिल्ले उपाशी राहतात.

म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीबद्दल एवढेच सांगायचे: विजेच्या तारांना लागणारी, घरावर किंवा गोठ्यावर येणारी फांदी काढावीच लागते. पण बांधावरची कोणाच्या अंगावर न पडणारी वाळकी फांदी जळणासाठी मेमध्ये तोडायची घाई नको. भोक असेल तर तोडूच नका. छाटणी दिवाळीनंतर केली तर झाडालाही ताण कमी बसतो.

बांध पेटवण्याबाबत मात्र मी मवाळ बोलणार नाही. बांध जाळल्याने तणाचे बी पुरते मरत नाही. जमिनीवरची कुजणारी काडी जाते, परभक्षी किडे आणि कोळी मरतात, तित्तिर आणि लावे यांची जमिनीवरची घरटी अंड्यांसकट जळतात. सातभाईंची झुडपेही जातात, आणि सातभाई का हवेत ते पुढे येईलच.

वेडा राघू हा हिरवा, सडपातळ, शेपटीतून दोन काड्या निघालेला पक्षी तारेवर बसून उडत्या किड्यांवर झेप घेतो. तो झाडावर घरटे करत नाही. ओढ्याच्या दरडीत, शेततळ्याच्या भरावात, विहिरीच्या मातीच्या ढिगात आडवे, हातभर किंवा त्याहून लांब बीळ करतो. मेमध्ये तो भराव जेसीबीने सारखा करायचा असेल तर आधी पाच मिनिटे उभे राहून पाहा. पक्षी चोचीत किडा घेऊन भोकात जात असेल तर तेवढा भाग जूनअखेरपर्यंत सोडा. मधपेट्या ठेवणाऱ्यांची तक्रार रास्त आहे, वेडा राघू मधमाश्याही पकडतो. पेट्या उघड्या तारांखाली न ठेवता दाट सावलीच्या झाडाखाली ठेवल्या तर उपद्रव कमी होतो. मधमाशीपालनाच्या सल्ल्यासाठी पुण्यातच, गणेशखिंड रस्त्यावर, केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

नांगराच्या वाटेतली टिटवी

या दिवसांत सर्वांत जास्त मोडते ते टिटवीचे घरटे, कारण ते घरटे वाटतच नाही. नांगरलेल्या किंवा पडीक रानात, प्लॉटिंगसाठी सपाट केलेल्या जमिनीवर, बारीक खड्यांच्या कडेने केलेल्या उथळ खळग्यात ती साधारण चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी इतका मिळतो की पायाखाली आल्याशिवाय कळत नाही. कळते ते टिटवीच्या ओरडण्याने. ती डोक्यावर घिरट्या घालू लागली आणि एका बाजूला जाताना आवाज वाढला, तर घरटे त्या बाजूला आहे असे समजावे.

टिटवी किडे, भुंगेरे, वाळवी, गोगलगायी खाते, पिकाला हात लावत नाही. घरटे सापडले तर त्याच्यापासून चार-पाच पावलांवर दोन्ही बाजूंना काठ्या रोवा आणि ट्रॅक्टरवाल्याला आधीच दाखवून ठेवा. अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागा सुटते. अंडी उबायला सुमारे चार आठवडे लागतात, पण पिल्ले निघाली की काही तासांतच चालू लागतात आणि आईबापांमागे निघून जातात. नंतर ती जागा तुमचीच. अंडी उचलून बांधावर ठेवू नका. टिटवी बहुधा ती स्वीकारत नाही आणि उन्हात अंडी तासाभरात खराब होतात. मेच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. जवळ पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येते आणि अंडी गार ठेवते.

टिटवीने उंच जागी अंडी घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी, हा आडाखा आपल्याकडे सगळीकडे ऐकू येतो. ऐकायला छान आहे. पण टिटवी आता पुण्यात इमारतींच्या सपाट गच्चीवरही अंडी घालते, आणि तेवढ्यावरून दरवर्षी अतिवृष्टीची तयारी करता येणार नाही.

माळरानाला लागून शेती असेल, म्हणजे सासवड, दिवे घाट, भिगवणच्या बाजूला, तर चोचीशी लालऐवजी पिवळा पडदा असलेली माळटिटवीही दिसेल. ती कोरड्या माळावरच वीण करते. चंडोल आणि धाविक यांचाही विणीचा हाच काळ. माळ नांगरून टाकला की या तिघांना जायला दुसरी जागा उरत नाही.

पावशा बोलला म्हणून पेरू नका

मेमध्ये पहाटे, कधी रात्रीही, चढत जाणाऱ्या सुरात तीन अक्षरी हाक ऐकू येते. शेतकऱ्याच्या कानाला ती ‘पेर्ते व्हा’ अशी ऐकू येते, कोणाला ‘पाऊस आला’ अशी. हा पावशा. तो बाहेरगावाहून येत नाही. हिवाळाभर इथेच गप्प असतो आणि मार्चपासून ओरडू लागतो, कारण त्याचा विणीचा काळ सुरू झालेला असतो. म्हणजे त्याची हाक आणि पाऊस जवळजवळ येतात, पण हाकेने पावसाची तारीख ठरत नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यात पोहोचला आणि नंतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्याची वाटचाल रेंगाळली. अशा वर्षी पावशा ऐकून आणि पहिला पाऊस पाहून पेरणाऱ्याला दुबार पेरणीची भीती असते. कोरडवाहू पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन पुरेशी ओल जमेपर्यंत थांबावे, हा कृषी विभागाचा सल्ला पक्ष्यापेक्षा भरवशाचा आहे.

पण पावशाचे शेताशी खरे नाते दुसरेच आहे. पावशा आणि मेअखेर-जूनमध्ये पावसाच्या पुढे येणारा चातक हे दोघेही केसाळ अळ्या खातात. या अळ्या बहुतेक पक्षी टाळतात. आणि दोघेही स्वतः घरटे करत नाहीत, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. बांधावर झुडपे नाहीत तर सातभाई नाहीत, आणि सातभाई नाहीत तर पावशा-चातकाची वीण तिथे होत नाही. मघाशी बांध पेटवू नका म्हटले ते यासाठीही.

कोकिळाचे तंत्र तसेच, फक्त त्याचा यजमान कावळा. एप्रिल ते जून कावळ्यांच्या घरट्यांचा काळ. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा ओरडतो तो नर, ठिपक्यांची तपकिरी असते ती मादी. जूनमध्ये कावळा एखाद्या वेगळ्याच पिल्लाला भरवताना दिसला तर नवल वाटून घेऊ नका.

मेच्या अखेरीस पुण्यात कधी कधी एखाद्या सोसायटीच्या जिन्यात किंवा गोठ्यात रंगीबेरंगी, आखूड शेपटीचा, दमलेला पक्षी सापडतो. तो नवरंग. हिवाळा दक्षिणेत काढून तो विणीसाठी वर येत असतो. पिंजऱ्यात घालू नका, दाणे टाकू नका, तो किडे खातो. खोक्यात भोके पाडून सावलीत, शांत जागी ठेवा आणि तरतरी आली की संध्याकाळच्या आत झाडीत सोडा. जखम असेल तर वन विभागाला कळवा.

जे या काळात दिसणार नाहीत त्यांचाही उल्लेख हवा. ज्वारीच्या दिवसांत थव्याने येणाऱ्या गुलाबी मैना, म्हणजे भोरड्या, पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर थांबून एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परततात. आपल्याकडे गोफणीने हाकलल्या जाणाऱ्या याच पक्ष्यासाठी चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्ताकरता मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय केली जाते. तिथे ती टोळ खाते, इथे ज्वारीबरोबर नाकतोडेही खाते, पण ज्वारीचे दाणे भरलेले असतात तेव्हा नाकतोड्यांचा विचार कोण करणार?

नुकसान करतात त्यांचे काय

पुरंदरच्या अंजीर बागायतदाराला हा लेख इथपर्यंत गोड वाटला नसेल. मिठा बहाराची फळे पिकतात ती नेमकी याच दिवसांत, आणि बुलबुल, साळुंकी, तांबट, कोकिळ सगळे त्यावर येतात. चोच मारलेले फळ बाजारात जात नाही. तोडणी पहाटे लवकर करणे आणि झाडावर जाळी टाकणे हे दोनच उपाय टिकतात. जाळी घट्ट विणीची, जाड धाग्याची, ताणून बांधलेली असावी. पातळ नायलॉनची ढिली जाळी पक्ष्यांना हाकलत नाही, अडकवते, आणि त्यात रात्री घुबडेही अडकतात. फटाके आणि चमकणाऱ्या फिती पहिले काही दिवस काम करतात, मग पक्षी सरावतात. फिती लावायच्याच तर फळ रंगावर आल्यावर लावा, आधी नको. बागेच्या कडेला उंबर असेल तर तोडू नका. उंबर फळलेला असताना अंजिरावरचा भार थोडा कमी होतो.

मोरांची तक्रार वाढली आहे ती निराधार नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स २०२३’ या देशव्यापी अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला आहे. अनेक पक्षी घटत असताना मोर आणि कोकिळ मात्र वाढल्याचे त्यात दिसते. मोर पेरलेले दाणे उकरतो, कोवळी रोपे तोडतो. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे त्याला मारणे, पकडणे किंवा विष घालणे हा गंभीर गुन्हा आहे. बियाणे योग्य खोलीवर पेरून ओळी नीट झाकणे आणि उगवणीचे पहिले आठ-दहा दिवस राखण करणे, याहून खात्रीचा उपाय सध्या नाही. बीजप्रक्रिया केलेले बी उघडे पडले तर ते खाऊन पक्षी मरतात, म्हणून बांधाच्या कडेला, वळणावर सांडलेले बी आवर्जून झाका.

उंदीर, घुबड आणि आमिष

रान मोकळे असताना उंदरांची बिळे स्पष्ट दिसतात, म्हणून आमिषही बहुधा याच काळात टाकले जाते. गव्हाणी घुबड, पिंगळा, आणि दिवसा एका जागी हवेत फडफडत थांबणारी कापशी घार हे उंदरांचे खरे वैरी. आमिष टाकताना चूक होते ती अशी. झिंक फॉस्फाइडचे दाणे बिळाच्या तोंडाशी, बांधावर उघडे टाकले तर ते उंदराआधी होला, तित्तिर आणि मोर खातात. ब्रोमॅडिओलोनचे वेगळे. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, घुबडाच्या हाती सहज लागतो, आणि विष उंदराच्या शरीरातच असते.

आदल्या दिवशी सगळी बिळे मातीने बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली. आमिष फक्त त्यांत, आत खोल टाका आणि तोंड बुजवा. पुढचे काही दिवस रोज सकाळी फेरी मारून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. उरलेले आमिष बांधावर फेकू नका.

जिथे गोठ्यात, पडक्या घरात किंवा विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे, तिथे आमिष न टाकता सापळ्यांवर भागते का ते एक हंगाम पाहा. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या तोंडाच्या या पक्ष्याला अपशकुनी म्हणून हाकलण्याची पद्धत अजून आहे. त्याच्या बसण्याच्या जागेखाली काळपट गोळ्या पडलेल्या असतात. एक गोळी पाण्यात भिजवून फोडून पाहा, आत उंदरांच्या कवट्या आणि केस निघतील. कृषी सहायकांनी शेतीशाळेत हे एकदा करून दाखवावे, तासाभराच्या भाषणाचे काम होते.

कृषी सहायकांसाठी आणखी एक सूचना. गावात एक ठरलेला बांध निवडून १५ एप्रिल ते १५ जून या काळात आठवड्यातून एकदा, सकाळी सातच्या सुमाराला पंधरा मिनिटे उभे राहा. वहीत चारच गोष्टी लिहा: कोणता पक्षी, किती, काय करत होता, रानात काय काम चालू होते. पक्ष्याचे नाव येत नसेल तर गावात जे म्हणतात ते लिहा, मोबाइलमध्ये आवाज किंवा फोटो घेऊन ठेवा. पहिल्या वर्षी यातून फार काही निघणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बांध जाळलेल्या आणि न जाळलेल्या, रात्री आणि सकाळी नांगरलेल्या रानांतला फरक शेतकऱ्याला त्याच्याच गावच्या नोंदीवरून दाखवता येईल.

जूनमध्ये पेरणी झाली की सोयाबीन, भुईमुगात एकरी वीसच्या आसपास पक्षीथांबे उभे करा. साधी फांदी किंवा टी-आकाराची काठी, पिकापेक्षा दोन फूट उंच, एवढे पुरते. कोतवाल आणि वेडा राघू त्यावर पहिल्याच दिवशी येतात. ज्वारी-बाजरीत मात्र कणसात दाणा भरू लागला की थांबे काढून घ्या, नाहीतर त्यावर किडे खाणाऱ्यांऐवजी सुगरणी बसतील.